प्रसूति-लाभाचे दायित्व कोणाचे? मुंबई प्रांताचा १९२९ चा कायदा आणि नागापूर परिसर

अहमदनगर शहरातून मनमाडच्या रस्त्याने उत्तरेस निघाले म्हणजे सीना नदीवरील पुलापाशी नागापूर लागते. विदर्भातील नागपूर आणि हे नागापूर यांत लेखनापुरता केवळ एका कान्याचा फरक आहे, आणि प्रस्तुत विषयात दोन्ही गावांचा संबंध येत असल्यामुळे वाचकाने तेवढा काना ध्यानात ठेवावा. २०२४ मध्ये जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर असे करण्यात आले. तथापि पुढील विवेचनातील बहुतेक घटना जुन्या नावाच्या काळातील असल्याने येथे अहमदनगर हेच नाव वापरले आहे. नागापूरच्या शेतजमिनीवर महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने कारखान्यांची वसाहत उभी केली. या महामंडळाला जन्म देणारा अधिनियम १९६१ चा. भारताच्या संसदेने संमत केलेला प्रसूति-लाभ अधिनियमही १९६१ चाच. दोन्ही कायदे एकाच वर्षाचे असावेत हा योगायोग खरा. पण एकाने कारखानदारीला गावात आणले आणि दुसऱ्याने त्या कारखान्यात येणाऱ्या स्त्रीच्या बाळंतपणाची तरतूद केली, हे पाहता या परिसराकडे पाहण्यास तो एक सोयीचा कोन ठरतो.

प्रस्तुत लेखाचा प्रश्न मात्र रजेच्या आठवड्यांचा नाही. आठवडे किती, हे कोणत्याही कोष्टकात सापडते. बाळंतिणीला विश्रांतीच्या काळात जे पैसे द्यावयाचे ते कोणी द्यावयाचे, हा प्रश्न अधिक खोल आहे. आणि या प्रश्नाला मुंबई प्रांताने १९२९ मध्ये जे उत्तर दिले त्याचे परिणाम पुढे दीर्घकाळ उमटत राहिले आहेत.

युरोपात या विषयाचा आरंभ प्रतिबंधापासून झाला, लाभापासून नव्हे. स्वित्झर्लंडच्या १८७७ च्या कारखाना-कायद्याने प्रसूतीच्या मागेपुढे मिळून आठ आठवडे स्त्रीला कामावर घेण्यास बंदी केली, पण त्या आठवड्यांचा पगार देण्याची सोय केली नाही. विश्रांती सक्तीची आणि उपासमारही सक्तीची, असा तो प्रकार होता. जर्मनीने १८८३ च्या आजारविम्यातून काही रक्कम देण्यास प्रारंभ केला तेव्हा प्रथमच विश्रांती आणि निर्वाह यांची सांगड पडली, आणि ती कारखानदाराच्या वैयक्तिक खिशातून नव्हे तर विमानिधीतून पडली. १९१९ मध्ये वॉशिंग्टन येथे भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय श्रमपरिषदेने प्रसूतीविषयक करार क्रमांक ३ मंजूर केला. बारा आठवडे, त्यांपैकी नंतरचे सहा सक्तीचे, स्तनपानासाठी दिवसातून दोन वेळा अर्धा अर्धा तास, आणि लाभाची रक्कम सार्वजनिक निधीतून अथवा विम्यातून, असे त्याचे स्वरूप होते. या परिषदेस भारतीय कामगारांचे प्रतिनिधी म्हणून नारायण मल्हार जोशी उपस्थित होते. भारताला त्या वेळी करारातून मोकळीक मिळाली. केवळ या प्रश्नाची पाहणी करून अहवाल द्यावा, एवढेच हिंदुस्थान सरकारकडून मागण्यात आले. भारताने तो करार पुढेही कधी स्वीकारला नाही.

पाहणी मात्र झाली, आणि मुंबईत ती चांगली झाली. प्रांतिक सरकारच्या मजूर कार्यालयाने डॉ. बार्न्स या स्त्रीवैद्याकडे गिरणीतील स्त्रियांच्या स्थितीचा शोध सोपविला. त्यांचा अहवाल १९२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील एक आकडा पुढील प्रत्येक चर्चेत आला आहे: गिरणीकामगार स्त्रियांच्या शंभरांतील अठ्ठ्याण्णव अर्भकांना अफू दिली जात होती. अफूची ही बाळागोळी म्हणजे मातांचा अडाणीपणा, असे म्हणून हा आकडा बाजूस सारणारे त्या काळी पुष्कळ होते. वस्तुतः त्यात अडाणीपणापेक्षा हिशेब अधिक होता. सकाळपासून संध्याकाळपर्यंत रिळांच्या अथवा वाइंडिंगच्या खात्यात उभे राहावयाचे, तान्हे मूल चाळीच्या खोलीत शेजारणीच्या ओटीत अथवा म्हाताऱ्या सासूच्या हाती ठेवावयाचे. ते दिवसभर झोपून राहील याची एकच स्वस्त हमी बाजारात मिळत होती.

त्याच सुमाराची दुसरी एक संख्या वापरताना अभ्यासकाने जरा सावध राहिले पाहिजे. मुंबईचा १९२१ चा नोंदलेला बालमृत्यूचा दर हजारी ६६६ इतका होता. ही संख्या भयंकर आहे, पण ती जशीच्या तशी घेता येत नाही. रत्नागिरी, सातारा, पुणे, अहमदनगर या भागांतून आलेल्या अनेक स्त्रिया बाळंतपणासाठी माहेरी वा गावी जात. जन्माची नोंद गावी होई अथवा मुळीच होत नसे. मूल महिन्या-दोन महिन्यांचे झाले की आई मुंबईस परत येई, आणि ते दगावले तर मृत्यूची नोंद मुंबईच्या खाती पडे. अंशात गावाकडे जन्मलेली मुले धरली जात, छेदात धरली जात नसत. म्हणून दर फुगलेला दिसतो. पण हा आक्षेप मान्य करूनही जे उरते ते सुखाचे नाही: एका खोलीच्या बिऱ्हाडांतील दर इतर बिऱ्हाडांच्या कितीतरी पट होता, आणि छेदातील चूक दुरुस्त केल्याने ती तफावत नाहीशी होत नाही.

गावी जाण्याची ही चाल कायद्याच्या विरोधकांना फार उपयोगी पडली. जोशी यांनी १९२४ मध्ये मध्यवर्ती विधिमंडळात प्रसूति-लाभाचे विधेयक मांडले, ते संमत झाले नाही. आमच्या स्त्रिया माहेरी जातात, त्यांना दाखले देण्यास पुरेशा स्त्रीवैद्य नाहीत, त्या एका गिरणीत टिकून राहत नाहीत, मग लाभ कोणास व कशाच्या आधारे द्यावा, या धर्तीचे आक्षेप त्या काळच्या चर्चेत वारंवार भेटतात. आपल्याकडे बाळंतिणीला सव्वा महिना बाजेवरून उठू न देण्याची रीत आहेच, मग कायदा कशास हवा, हाही त्यातलाच एक सूर. ज्या घरात बाळंतिणीच्या जागी कमावणारे दुसरे कोणी नाही, त्या घरात सव्वा महिन्याची रीत पाळावयाची तर सावकाराकडे जावे लागते, एवढी साधी गोष्ट या सुरात ऐकू येत नाही.

मुंबई कायदेमंडळात आर. एस. आसवले यांनी आणलेले विधेयक १९२८ मध्ये चर्चेस आले. त्या वर्षी जुलैमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्यास दिलेला पाठिंबा सुप्रसिद्ध आहे, परंतु त्या भाषणातील युक्तिवादाकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. आईला प्रसूतीच्या मागेपुढे विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, हा त्यांचा पहिला मुद्दा. हे हित राष्ट्राचे असल्यामुळे त्याचा भार मुख्यतः सरकारने वाहणे योग्य, हा दुसरा. आणि सरकार तो उचलत नसेल तोपर्यंत, स्त्रीच्या श्रमापासून ज्याला फायदा होतो त्या मालकाने निदान त्याचा काही भाग सोसावा, हा तिसरा. या तीन पायऱ्यांपैकी मालकाचे दायित्व ही शेवटची, आणि म्हणून दुय्यम, पायरी होती. प्रत्यक्ष कायद्यात मात्र तीच एकटी उरली. १९२९ च्या मुंबई प्रसूति-लाभ अधिनियमाने कारखान्यातील स्त्रीस दिवसाला आठ आणे देण्याचे बंधन घातले, प्रसूतीनंतरचे चार आठवडे तिला कामावर ठेवण्यास मनाई केली, आणि सर्व रक्कम ज्या मालकाकडे ती काम करीत असेल त्याच्यावर टाकली. भारतातील या विषयावरचा हा पहिला कायदा होय. पुढच्याच वर्षी, १९३० मध्ये, मध्यप्रांताने तसाच कायदा केला आणि एम्प्रेस गिरणीच्या नागपूरला, म्हणजे काना नसलेल्या गावाला, तो लागू झाला. मद्रासने १९३४ मध्ये, संयुक्त प्रांताने १९३८ मध्ये आणि बंगालने १९३९ मध्ये त्याच साच्यातून आपापले कायदे काढले. साचा मुंबईचा असल्यामुळे मालकाचे वैयक्तिक दायित्व सर्वत्र गेले.

या साच्यातील दोष समजण्यास अर्थशास्त्राचे फारसे ज्ञान लागत नाही. दोन कामगार सारखेच काम करतात आणि त्यांपैकी एकाला ठेवल्यास मालकास काही जादा खर्च येण्याचा संभव आहे, तर मालक कोणास ठेवील? १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत स्त्रियांचे प्रमाण सुमारे एक-पंचमांश होते. पुढील दशकांत ते सतत घसरत गेले. या घसरणीचे खापर एकट्या प्रसूति-कायद्यावर फोडणे इतिहासाला धरून होणार नाही. स्त्रियांना रात्रपाळीस मनाई होती, आणि १९३० नंतर गिरण्या दुपाळी चालू लागल्या तेव्हा ही मनाई त्यांच्या आड आली. ज्या रिळिंग व वाइंडिंग खात्यांत स्त्रिया मुख्यतः असत, तेथेच नवी यंत्रे आणि सुसूत्रीकरण आधी आले. या खात्यांतील नेमणुका नायकिणीच्या हाती असत. नेमणुकीची ती पद्धत मोडली तेव्हा स्त्रीला गिरणीत शिरण्याचे एक ओळखीचे दार बंद झाले. प्रसूति-लाभ हे या अनेक कारणांपैकी एक. परंतु इतर कारणांत आणि याच्यात एक फरक आहे. रात्रपाळीची मनाई सर्व स्त्रियांना सारखी लागू होती, आठ आण्यांचा बोजा मात्र मालकाच्या मनात विवाहित तरुण स्त्रीच्या नावापुढेच लिहिला जाई. विधवा आणि प्रौढ स्त्रिया ठेवाव्या, गरोदरपण दिसू लागताच काहीतरी निमित्ताने नाव कमी करावे, या वाटा कायद्याने बंद करूनही पुन्हा पुन्हा उघडल्या गेल्या.

यावरचा उपाय भारतात सुचला नव्हता असे नाही. १९४३ मध्ये हिंदुस्थान सरकारने प्रा. बी. पी. आडारकर यांची औद्योगिक कामगारांसाठी आरोग्यविम्याची योजना आखण्याच्या कामी नेमणूक केली आणि १९४४ मध्ये त्यांचा अहवाल आला. त्या प्रयत्नांतून निघालेल्या १९४८ च्या राज्य कामगार विमा अधिनियमात आजार, अपघात आणि प्रसूती ही तिन्ही एका निधीत आणली गेली. वर्गणी सर्व कामगारांच्या वेतनावर बसते, मग कामगार पुरुष असो वा स्त्री. स्त्री नेमली म्हणून मालकाची वर्गणी वाढत नाही, आणि न नेमल्याने कमी होत नाही. केवळ हिशेबाच्या रकान्यात केलेला हा बदल. परंतु १९२९ च्या कायद्याचे वर्म त्याने बरोबर ओळखले होते. आंतरराष्ट्रीय संघटनेनेही १९५२ च्या आपल्या करार क्रमांक १०३ मध्ये, लाभाच्या खर्चासाठी मालकास कोणत्याही परिस्थितीत वैयक्तिकरीत्या जबाबदार धरू नये, असे स्पष्टच लिहिले.

यानंतर नऊ वर्षांनी संसदेने १९६१ चा प्रसूति-लाभ अधिनियम केला आणि विम्याच्या कक्षेबाहेरील आस्थापनांपुरते का होईना, पण १९२९ चेच तत्त्व पुन्हा स्वीकारले: पैसे मालकाने द्यावयाचे. प्रांताप्रांतांतील विषमता गेली, बारा आठवड्यांचा लाभ देशभर सारखा झाला, पात्रतेसाठी वर्षातील १६० दिवसांचे काम पुरेसे मानले गेले (१९८८ च्या दुरुस्तीने ते ८० दिवसांवर आले), या सर्व गोष्टी चांगल्याच झाल्या. २०१७ मध्ये पहिल्या दोन अपत्यांसाठी बारांचे सव्वीस आठवडे झाले. जगातील अनेक श्रीमंत देशांना मागे टाकणारी ही संख्या आहे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९९३ च्या कायद्याने बारा आठवड्यांची रजा दिली ती बिनपगारी, आणि तीही सर्वांना नाही. परंतु भार ज्याच्यावर होता त्याच्यावरच राहून दुपटीहून अधिक झाला. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत १९६१ चा कायदा सामावून घेण्यात आला, तरी विम्याबाहेरच्या मालकाचे दायित्व तेथेही कायम आहे.

२०१७ च्या दुरुस्तीतील एक कलम मात्र या दृष्टीने विशेष लक्षणीय आहे. १९४८ च्या कारखाना-अधिनियमात पाळणाघराचे बंधन स्त्री-कामगारांच्या संख्येवर बसविलेले होते. आधी पन्नासांहून अधिक स्त्रिया, १९७६ नंतर तीसांहून अधिक. साहजिकच एकोणतीस स्त्रिया असलेले कारखाने सोयीचे ठरले. २०१७ ने पन्नास कर्मचारी अशी मर्यादा घातली आणि त्यांत स्त्रिया किती हे विचारले नाही. आडारकरांच्या निधीत जे तत्त्व होते तेच येथे पाळणाघराच्या दाराने परत आले. दुर्दैवाने ते रजेच्या वेतनापर्यंत पोहोचले नाही.

आता नागापूरकडे वळू. औद्योगिक वसाहतीतील ज्या कारखान्यात कामगाराचे नाव हजेरीपटावर आहे, विम्याची वर्गणी कापली जाते, तेथील स्त्रीची स्थिती १९२९ च्या गिरणीकामगार स्त्रीपेक्षा निःसंशय बरी आहे. पण अहमदनगर जिल्ह्यातील स्त्रीच्या श्रमाचा फार मोठा भाग या कुंपणाच्या आत कधी आलाच नाही. त्याची दोन उदाहरणे घेण्यासारखी आहेत.

पहिले विडीचे. अहमदनगर शहर, संगमनेर, आणि जिल्ह्याबाहेर पण लागूनच असलेले सिन्नर येथे विड्या वळणे हा पिढ्यान्‌पिढ्यांचा स्त्रियांचा उद्योग. पाने व तंबाखू कारखान्यातून अथवा सट्टेदाराकडून आणावयाची, घरी सुपात घेऊन विड्या वळावयाच्या, आणि छाट वजा जाता उरलेल्यांची मजुरी घ्यावयाची. कारखान्याची भिंत नाही म्हणून कारखाना नाही, आणि कारखाना नाही म्हणून कामगार नाही, असा युक्तिवाद मालकवर्ग दीर्घकाळ करीत असे. १९६६ च्या विडी व सिगार कामगार अधिनियमाने तो तोडला. घरी काम करणारी स्त्री ही कामगारच, आणि प्रसूति-लाभाचा कायदा योग्य त्या फेरफारांसह तिलाही लागू, असे त्याच्या ३७ व्या कलमाने ठरविले. सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्ये मंगळूरच्या गणेश विडी कारखान्याच्या खटल्यात हा अधिनियम वैध ठरविला. घरात बसून काम करणाऱ्या स्त्रीला प्रसूति-लाभाचा हक्क देणारी तरतूद त्या काळात जगातही विरळ होती, हे सांगताना संकोच करण्याचे कारण नाही. तरीही हक्काचा सारा आधार नोंदपुस्तकावर, आणि ते पुस्तक कोणाच्या नावे निघते यावर होता. सासूच्या नावाच्या पुस्तकावर सून विड्या वळते; बाळंतपण सुनेचे, नोंद सासूची. कायदा येथे अडतो.

दुसरे उदाहरण उसाचे, आणि ते अधिक कठीण आहे. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना १९५० मध्ये सुरू झाला आणि त्यानंतर जिल्ह्याच्या उत्तरेकडील पाटपाण्याच्या पट्ट्यात कारखान्यांची रांगच उभी राहिली. जिल्ह्याचा दक्षिण-पूर्व भाग, पाथर्डी व त्याच्या भोवतालचा, कोरडा राहिला. शेजारच्या बीडप्रमाणे तो ऊसतोडीसाठी माणसे पुरवू लागला. एकाच जिल्ह्याचे एक अंग साखर करते आणि दुसरे अंग त्यासाठी कोयता घेऊन निघते. या व्यवहारात मोजमापाचे एकक माणूस नसून ‘कोयता’ हे आहे. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादम उचल देतो ती कोयत्याला, तोडीचा हिशेब लागतो तो कोयत्याचा, आणि कामावर गैरहजर राहिल्यास खाडा पडतो तोही कोयत्यावर. जोडीतील स्त्री उभी राहू शकत नसेल तर दोघांचे काम अडते.

गाळपाचा हंगाम साधारण दिवाळीच्या सुमारास सुरू होऊन चार-पाच महिने चालतो. ८० दिवसांची पात्रता ही स्त्री एका हंगामातच ओलांडते. किंबहुना नागापूरच्या वसाहतीतील कित्येक हंगामी कामगारांपेक्षा तिचे दिवस अधिक भरतील. पण ते दिवस तिच्या नावे कोठेही लिहिलेले नाहीत. मालक कोण, हाही प्रश्न आहेच. साखर कारखाना वाहतूक कंत्राटदाराकडे बोट दाखवितो, कंत्राटदार मुकादमाकडे, आणि मुकादम स्वतःच उचलीच्या साखळीतील एक दुवा असतो. ज्या कायद्याने मालकाच्या खिशालाच लाभाचा एकमेव झरा मानले, त्याला मालक न सापडल्यास झरा आटतो. रोजंदारीवरील स्त्रियांना प्रसूति-लाभ नाकारता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये दिल्ली महानगरपालिकेच्या प्रकरणात दिला होता. तेथे निदान मस्टर होते. येथे मस्टर नाही.

परिणाम कोणत्या थराला गेला ते २०१९ मध्ये उघडकीस आले. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांत गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रिया मोठ्या प्रमाणावर झाल्याच्या बातम्यांनंतर राज्य शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी केलेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. या शस्त्रक्रियांची कारणे अनेक आहेत. खासगी वैद्यकव्यवसायाचा लोभ, कर्करोगाची घातलेली भीती, लहान वयातील विवाह व बाळंतपणे, पाण्याविना काढावे लागणारे मासिक पाळीचे दिवस. त्या साऱ्यांचा विचार स्वतंत्र लेखाचा विषय होईल. परंतु खाडा पडू नये म्हणून पाळी नको, आणि पाळीची जागाच नको, हा हिशेब त्या कारणांच्या तळाशी सापडतो. बाळागोळीचा हिशेब आणि हा हिशेब यांत सुमारे शंभर वर्षांचे अंतर आहे. पहिल्या हिशेबात मूल झोपविले जाई.

सार्वजनिक निधीतून काही देण्याचा प्रयत्न अलीकडे झाला आहे. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा अधिनियमाने गर्भवती व स्तनदा मातेस किमान ६,००० रुपयांचा हक्क दिला, आणि नोकरी कोठे, मालक कोण, हे प्रश्न बाजूस ठेवले. आंबेडकरांच्या १९२८ च्या मांडणीतील दुसरी पायरी येथे प्रथम कायद्याच्या भाषेत उतरली असे म्हणता येईल. प्रत्यक्षात २०१७ पासूनच्या मातृवंदना योजनेत पहिल्या अपत्यासाठी ५,००० रुपये, तेही हप्त्यांनी, असे त्याचे रूप झाले. सव्वीस आठवड्यांवर वाटले तर दिवसाला सत्तावीस-अठ्ठावीस रुपये पडतात. १९२९ चे आठ आणे निदान गिरणीच्या मजुरीशी तोलून पाहता येत होते. ही रक्कम एका कोयत्याच्या एका दिवसाच्या खाड्याशी तोलून पाहण्यासाठी मुकादमांच्या वह्या अभ्यासकांच्या हाती पडावयास हव्यात. कारखान्यांची दप्तरे, निदान सहकारी कारखान्यांची, अंशतः तरी उपलब्ध होऊ शकतात. मुकादमाची वही हंगाम संपला, उचल फिटली अथवा पुढच्या वर्षावर ओढली गेली, की बहुधा फाडली जाते.